उभारी कोणाच्या बळावर? हाफकिनच्या प्रयोगशाळेपासून वर्सोव्याच्या किनाऱ्यापर्यंत

१/ १० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याआधीच्या तीन महिन्यांतील एक नोंद मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या अविश्रांत कामात हाफकिन यांचा एक सहायक मनाने पार कोसळला आणि आणखी दोघे काम सोडून गेले. लस टोचून घेणाऱ्याचे नाव पुढे परळच्या संस्थेला मिळाले. कोसळलेल्या सहायकाचे नाव कोणाच्या ओठांवर नाही.

२/ आजचा धागा त्या अनाम सहायकापासून सुरू करतो आहे. दुसऱ्यांचे दुःख हाताळणे हेच ज्यांचे रोजचे काम असते, त्यांचे स्वतःचे मन कशाच्या आधारावर टिकते? डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, समाजकार्यकर्ते, आशा सेविका, स्वयंसेवक या साऱ्यांना हा प्रश्न लागू आहे. मानसशास्त्रात या टिकण्याला ‘रेझिलियन्स’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘मानसिक लवचीकता’ असा प्रतिशब्द आढळतो. आपण त्याच्याकडे मानसशास्त्राच्या व्याख्येतून न पाहता मुंबई आणि पुण्याच्या इतिहासातून पाहू.

३/ आपल्या भाषेत या अर्थाचे दोन जुने शब्द आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एक ‘तग’, दुसरा ‘उभारी’. तग धरणे म्हणजे वादळ अंगावर घेऊन न पडता उभे राहणे. उभारी येणे म्हणजे वाकल्यानंतर पुन्हा सरळ होणे. तग धरणाऱ्याला काही काळ एकट्याला निभावता येते. उभारीला मात्र वेळ लागतो, विसावा लागतो, जवळ माणसे लागतात. सेवा करणाऱ्यांकडून समाज वारंवार तगाची अपेक्षा करतो आणि त्यालाच उभारी समजून त्यांचे गुणगान करतो. सव्वाशे वर्षांतील निरनिराळ्या प्रसंगांतून हेच दिसते, असे माझे प्रतिपादन आहे.

४/ प्रथम प्लेगची मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. गोदीलगतची ती दाट वस्ती होती. धान्याची कोठारे होती आणि कोठारांत उंदीर होते. उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंद यांनी दाखवून दिले ते १८९८ मध्ये. तोपर्यंत घाण, ओल आणि कोंदट हवा यांनाच दोष दिला जात होता. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांतील साडेतीन लाखांहून अधिक लोक शहर सोडून निघून गेले होते.

५/ ज्याला शक्य होते तो गेला. मग मागे शहर चालवत कोण होते? पालिकेच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘हलालखोर’ आणि ‘बिगारी’ असा येतो. हलालखोर म्हणजे घराघरांतील मैला वाहून नेणारे कामगार. त्यांतील बहुतेक गुजरात-काठेवाडकडून आलेले आणि जातिव्यवस्थेने सर्वांत खाली ढकललेले. घरमालकांकडून पालिका ‘हलालखोर कर’ वसूल करीत असे. ज्यांच्या नावाने कर होता, त्यांना स्पर्श करणे मात्र त्याच घरमालकांना अपवित्र वाटे. प्लेगच्या दिवसांत रोगट घरांच्या मोऱ्या, गटारे आणि संडास यांच्याशी रोज संबंध येत होता तो याच लोकांचा.

६/ ६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी कडक आदेश काढला. रुग्णाला आवश्यक वाटल्यास सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आणि घरे विलग करण्याचा अधिकार पालिकेने स्वतःकडे घेतला. शहरात घबराट पसरली आणि तिची झळ हलालखोरांच्या वस्त्यांनाही लागली. तेही मुंबई सोडण्याच्या विचारात आहेत, हे प्रशासनाच्या ध्यानी आले. ते गेले असते तर काही दिवसांतच शहर राहण्यालायक उरले नसते. महिनाअखेर सक्तीचा आदेश सौम्य करावा लागला. त्यामागच्या कारणांत हलालखोरांच्या जाण्याची भीती हे एक मोठे कारण होते.

७/ येथे क्षणभर थांबावे. या कामगारांच्या ‘धैर्या’ची स्तुती करणे सोपे आहे. पण त्यांचे राहणे हा केवळ मनाच्या कणखरपणाचा भाग नव्हता. त्यांना भीती वाटत होती, ती सामूहिकपणे व्यक्त झाली आणि तिची दखल घेणे सत्तेला भाग पडले. भीती बोलून दाखवता येणे आणि ती कोणीतरी ऐकणे, हा मन टिकण्यातला पहिला आधार आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. आदेश सौम्य झाला, पण मैला डोक्यावरून वाहण्याचे काम त्याच जातींच्या माथी कायम राहिले. शहराने त्यांच्याकडून तग घेतला. उभारीसाठी काही दिले नाही.

८/ सेवा देणाऱ्यांना रोगाखेरीज रोषही सोसावा लागत होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, तेथे काही भलतेच केले जाते, अशा अफवा होत्या. सक्ती आणि मृत्यू रोज डोळ्यांसमोर असताना त्या अफवा लोकांना खऱ्या वाटल्या. आपण ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घालतो तेच आपल्यावर धावून येतात, हा अनुभव सेवकाच्या मनाला रोगापेक्षाही अधिक पोखरतो. रुग्णालयाच्या भिंती शाबूत ठेवण्यासाठीही आधी लोकांचा विश्वास लागतो, हे त्या दिवशी दिसले.

९/ आता पुण्याकडे वळू. १८९७ च्या आरंभी साथ तेथेही पोहोचली. सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर पार होत्या. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याजवळच्या वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१०/ हे चित्र आपल्या मनावर कोरले गेले आहे आणि ते तसे राहिलेच पाहिजे. मात्र त्या चित्रात एकच व्यक्ती दिसते. मागे जाऊन १८७६-७७ चा दुष्काळ पाहा. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाच्या भीषणतेबरोबरच सत्यशोधक कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या मदतीच्या व्यवस्थेचे वर्णन येते. धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय झाली होती. कोणी धान्य जमवी, कोणी स्वयंपाक करी, कोणी गावोगाव फिरे. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद सावित्रीबाईंनीच भूषवले होते.

११/ म्हणजे १८९७ मध्ये पाठीवर मूल घेऊन चालणारी ती स्त्री एकाएकी प्रकट झालेली वीरांगना नव्हती. तिच्यामागे वीस वर्षांच्या सामुदायिक कामाची सवय होती. शेण-दगड झेलण्यापासून दुष्काळातील स्वयंपाकापर्यंत प्रत्येक प्रसंगी कोणी ना कोणी सोबत होते. आरंभी फातिमा शेख, नंतर सत्यशोधक समाज, अखेरीस मुलगा यशवंत. तिच्या मनोबलाला घर होते, संघटना होती आणि कामाचा अर्थ सांगणारा विचार होता. आपण पाठीवरचे मूल लक्षात ठेवतो आणि त्या पाठीमागची माणसे विसरतो. सेवेचा इतिहास असा सांगितला गेला की पुढच्या पिढीतल्या सेवकाला वाटते, आपल्यालाही एकट्यानेच झिजायचे आहे.

१२/ हाफकिन यांच्या आयुष्याचा उत्तरार्धही या संदर्भात वाचण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लसीकरण झाले. एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरल्याची बाब पुढे उघड झाली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले.

१३/ हाफकिन पुन्हा भारतात आले, ते कलकत्त्याला. पूर्वीचा अधिकार मिळाला नाही, पूर्वीचे कामही नाही. १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी भारत सोडला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये. ज्या माणसाने प्लेगच्या तोंडावर स्वतःला सुई टोचून घेतली, त्याचे मन रोगाने खचवले नव्हते. पाच वर्षे ज्या संस्थेसाठी काम केले ती संस्था पाठीशी उभी राहिली नाही, हा घाव अधिक खोल होता. सेवकाच्या हातून किंवा सेवकाच्या आसपास काही विपरीत घडले, तर निःपक्ष चौकशी होईपर्यंत त्याला एकटे न सोडणे हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच व्यवस्था आहे.

१४/ विसाव्या शतकात एक महत्त्वाचा बदल घडू लागला. सेवा हा त्याग आहे, या कल्पनेशेजारी सेवा हे शिकण्याचे काम आहे, ही कल्पना उभी राहिली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना तेथे शिक्षिका आणि परिचारिका होण्याची वाट मिळाली. निराधार म्हणून जिच्याकडे पाहिले जाई, ती पगार मिळवणारी, गणवेशातली, नाव असलेली व्यक्ती झाली. प्रशिक्षण, वसतिगृह, सोबतिणी, वेतन या चार गोष्टी एकत्र आल्या. दुःख सोसलेल्या स्त्रीच्या मनाला उभारी येण्यासाठी यांहून ठोस आधार कोणते असू शकतील?

१५/ मुंबईत याच दिशेने पुढचे पाऊल नागपाड्यात पडले. अमेरिकन मराठी मिशनसोबत आलेल्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तेथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवले. वस्तीतच केंद्र असावे, कार्यकर्त्यांनी वस्तीच्या जवळ राहून मिळून काम करावे, ही शिकागोच्या ‘हल हाऊस’सारख्या केंद्रांची पद्धत होती. १९३६ मध्ये तेथेच सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने समाजकार्याचे भारतातील पहिले पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

१६/ समाजकार्याच्या शिक्षणातील एक पद्धत बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. विद्यार्थी वस्तीत किंवा रुग्णालयात काम करतो, घडलेले तपशीलवार लिहून काढतो आणि ठरावीक वेळी अनुभवी मार्गदर्शकाशी त्यावर बोलतो. काय केले, याबरोबरच ते करताना आपल्या मनात काय झाले, हेही तेथे मांडायचे असते. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत याच संस्थेचे अध्यापक आणि विद्यार्थी काम करायला गेले होते. उद्ध्वस्त माणसांच्या कहाण्या दिवसभर ऐकणाऱ्याला संध्याकाळी स्वतःचे बोलणे ऐकणारा कोणी असणे ही चैन नसते. हाफकिन यांच्या सहायकाला अशी जागा मिळाली असती तर, हा प्रश्न मनात येतो.

१७/ या थकव्याला शास्त्रीय नाव मिळायला १९७४ उजाडावे लागले. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मूळचे फ्रँकफर्टचे. नाझी राजवटीतून बालपणीच निसटून अमेरिकेत आलेले. ते दिवसा स्वतःचा व्यवसाय करीत आणि रात्री न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात व्यसनग्रस्तांसाठी काम करीत. सर्वांत तळमळीने काम करणारे सहकारीच सर्वांत आधी विझतात, हे त्यांनी पाहिले; स्वतःवरही ती वेळ आली. त्यांनी त्याला ‘बर्नआउट’ म्हटले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे मोजमाप सिद्ध केले आणि एक गोष्ट आग्रहाने मांडली: दोष माणसात शोधण्याआधी कामाच्या ठिकाणात शोधा.

१८/ याच्या जोडीला दुसरे एक संशोधन ठेवू. एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ आणि समाधानी प्रौढ झाली. त्यांच्यात स्वभावाचे काही गुण होते हे खरे. परंतु त्यांच्या आयुष्यात भरवशाचे निदान एक तरी माणूस होते, ही बाब ठळकपणे पुढे आली. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. चिवट मनाच्या मुळाशीही दुसरे माणूस सापडते.

१९/ आता हे सारे घेऊन मी राहतो त्या वर्सोव्याकडे येतो. प्लेगच्या काळात वर्सोवा, म्हणजे कोळी बांधवांचे वेसावे, मुंबई शहरात नव्हते. साष्टीतील ते मच्छीमारांचे गाव होते. अंधेरीचा परिसर १९५० मध्ये बृहन्मुंबईत आला. पुढे इमारती वाढल्या, खाड्या आणि नाले शहराचा कचरा वाहू लागले आणि सुमारे अडीच किलोमीटरचा किनारा प्लास्टिकखाली गाडला गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये येथे राहायला आलेले वकील अफरोझ शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर यांनी हाताने कचरा वेचायला आरंभ केला. हळूहळू रहिवासी, कोळी बांधव, शाळकरी मुले त्यांना येऊन मिळाली.

२०/ ही सेवा रुग्णसेवा नव्हे, हे मान्य. पण मनाच्या दृष्टीने तिच्यात सर्वांत कठीण असलेले एक लक्षण आहे: काम कधी संपतच नाही. शनिवार-रविवारी साफ केलेल्या वाळूवर पुढच्या भरतीला समुद्र पुन्हा प्लास्टिक आणून टाकतो. पावसाळ्यात तर थरच्या थर. डॉक्टरला, समुपदेशकाला, आशा सेविकेला हेच अनुभवावे लागते; एक बरा झाला की दुसरा दारात उभा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. २०१७ च्या मध्यापर्यंत पन्नास लाख किलोहून अधिक कचरा उचलला गेल्याचे याच कार्यक्रमाने नोंदवले.

२१/ आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये, शंभराहून अधिक आठवड्यांनंतर, शाह यांनी मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती, गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. जगभर गौरव झालेला माणूस खचला म्हणून काहींना आश्चर्य वाटले. इतिहास वाचणाऱ्याला ते वाटू नये. १८९६ च्या आर्थर रोडवरील रोष आणि हाफकिन यांच्या पाठीशी न राहिलेली यंत्रणा, या दोन्हींची सौम्य पण ओळखीची आवृत्ती येथे दिसते. पुरस्काराने मन काही काळ फुलते. रोजचा ट्रक वेळेवर आला नाही तर ते सुकते.

२२/ मला या प्रसंगातील थांबणे महत्त्वाचे वाटते. थांबल्याचे जाहीरपणे सांगितले गेले, कारणे सांगितली गेली आणि म्हणून प्रतिसादही मिळाला. राज्य सरकारकडून सहकार्याचे आश्वासन आले, लोक पुन्हा जमले आणि मोहीम पुन्हा सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली. सुमारे दोन दशकांनी येथे असे दृश्य दिसल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. एका गटाच्या श्रमाला शासनाच्या धोरणाची जोड मिळणे, हाही उभारीचाच भाग आहे.

२३/ थांबण्याचे शहाणपण वेसाव्याला नवे नाही. येथे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. आज १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीवरील बंदी सरकारी आदेशाने असते. पण खवळलेल्या समुद्रात न जाण्याची रीत त्याहून जुनी आहे. त्या काळात जाळी विणली जातात, होड्या दुरुस्त होतात, उन्हाळ्यात बांबूच्या काठ्यांवर वाळवलेले बोंबील चुलीवर येतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला जातो तो सर्वांनी मिळून. विसावा येथे दुबळेपणा मानला जात नाही. तो वर्षाच्या चक्रातच बसवलेला आहे. सेवेच्या किती संस्थांच्या वेळापत्रकात असा पावसाळा आहे?

२४/ आता अगदी अलीकडचा इतिहास. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या वर्षभरात आशा सेविका दारोदार फिरून ताप मोजत होत्या, रुग्ण शोधत होत्या. काही ठिकाणी शिव्याही खात होत्या. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा सेविका मानधनवाढ आणि सुरक्षेच्या मागण्यांसाठी संपावर गेल्या. वाढीच्या आश्वासनानंतर संप मिटला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशा सेविकांचा गौरव केला. थाळीचा आवाज आणि संपाची घोषणा यांच्यामध्ये पंधरा महिने आहेत. तग आणि उभारी यांतील अंतर त्या पंधरा महिन्यांत मोजता येते.

२५/ एक आक्षेप रास्त आहे. सारे व्यवस्थेवर ढकलले तर व्यक्तीचे मोल काय? सावित्रीबाईंशेजारी असलेल्या प्रत्येकाने ते मूल पाठीवर घेतले नव्हते. हे खरेच. व्यक्तीची निष्ठा, विचार, स्वभाव यांना पर्याय नाही आणि कोणत्याही व्यवस्थेतून सावित्रीबाई तयार करता येत नाहीत. पण व्यवस्थेअभावी किती सावित्रीबाई अर्ध्यावर थांबल्या असतील, याची गणती इतिहासाने ठेवलेली नाही. आपल्यापर्यंत पोहोचतात त्या टिकलेल्यांच्या कथा. त्यांवरून ‘मन खंबीर असले की सारे निभावते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या होड्या मोजून समुद्र शांत आहे असे म्हणणे.

२६/ प्रत्येक संकटानंतर ‘मुंबई स्पिरिट’चा गजर होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर झाला, ११ जुलै २००६ च्या लोकलमधील स्फोटांनंतर झाला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस हिमतीने गेला की रोजंदारी बुडेल म्हणून गेला, हे फारसे कोणी विचारले नाही. १८९६ च्या हलालखोरांनाही कोणी विचारले नव्हते. शहराच्या चिवटपणाचे कौतुक करताना ज्यांच्या जिवावर तो चिवटपणा उभा असतो त्यांची पाळी, पगार, सुट्टी आणि मन मोकळे करण्याची जागा यांची चौकशी करणे, ही कौतुकाची अधिक प्रामाणिक रीत ठरेल.

२७/ या धाग्याचे वाचक बहुतांश तरुण आहेत. तुमच्यापैकी कोणी रुग्णालयात शिकत असेल, कोणी एखाद्या संस्थेत स्वयंसेवक असेल. थकवा आला तर तो आपल्या चारित्र्यातील उणीव समजू नका. फ्रॉइडनबर्गर यांनी तो सर्वांत तळमळीच्या माणसांतच पाहिला होता. सोबतच्याला सांगा, संस्थेकडे विश्रांती मागा, आणि थकवा हटत नसेल तर तज्ज्ञाकडे जा. मागणे हीसुद्धा एक परंपरा आहे. १८९६ पासून २०२१ पर्यंत ती तुमच्यामागे उभी आहे.

२८/ शेवटी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक विनंती. आपल्या घरात, चाळीत, कोळीवाड्यात कोणी परिचारिका, सफाई कामगार, दाई, रुग्णवाहिकेचे चालक असतील, तर त्यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने लिहून ठेवा. त्यांनी काय केले एवढेच विचारू नका. थकल्यावर त्यांना कोणी सावरले, तेही विचारा. लस टोचून घेणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या साथीचा इतिहास लिहिणाऱ्याला कोसळलेल्या सहायकाचे नाव आणि त्याला हात देणाऱ्याचेही नाव मिळावे, एवढे आपल्या पिढीला नक्की करता येईल.

धागा समाप्त.